तुफान आईचा चेहरा

पैज लागली ती वस्तऱ्याच्या दुकानात. लागली तेव्हा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं झालं होतं आणि अर्धं व्हायचं होतं, त्यामुळे त्या बिचाऱ्याला अर्ध्या डोक्यानेच साक्षीदार व्हावं लागलं.

इमारतीच्या तळमजल्यावर दोन दुकानं. एक न्हाव्याचं, एक शिंपिणीचं. न्हाव्याला सगळे वस्तरा म्हणायचे, ते त्याच्या जिभेमुळे. शिंपिणीला टाचणी म्हणायचे, कारण अंगाने काडी आणि बोलता बोलता मध्येच टोचणार. आणि वर तिसऱ्या मजल्यावर राहायची लिफ्टबाई. एकटी. मोठ्या हॉस्पिटलात ती लिफ्ट चालवायची. इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. दिवसभर दुनियेला वरखाली नेऊन ही बाई संध्याकाळी स्वतःच्या गुडघ्यांवर जिने चढायची, आणि दर मजल्यावर दम खायला थांबली की ओरडायची, "दुसरा मजलाऽऽ, हाडं आणि सांधे! उतरा कोण उतरतंय!" कुणीतरी दाराआडून हसायचं. हसलं की ती पुढचा जिना चढायची.

हॉस्पिटलातही तेच. कुणी लिफ्टमध्ये शिरून म्हणालं, "बाई, वर जायचंय," की हिचं उत्तर तयार: "एवढी काय घाई आहे? आधी तिसऱ्या मजल्यावर चला, डॉक्टर काय म्हणतात ते तर बघू." रडत आलेला माणूससुद्धा फिसकन हसायचा.

तर पैज. लिफ्टबाईचा एकुलता एक पोरगा दूर दुसऱ्या शहरात होता आणि कॉमिक काढायचा. 'तुफान आई' नावाचं. दर महिन्याला एक अंक. तुफान आई बाकीच्या हिरोंसारखी हात पुढे करून, पोटावर पडून उडत नसे. ती सरळ ताठ उभी राहायची, कमरेपाशी हवेतच एक खटका ओढायची आणि सुंईकन वर. तसाच ओढला की खाली. आडवं मात्र तिला उडताच यायचं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला बँक लुटत असले तर तिला बस पकडून जावं लागायचं, तीही मुखवटा लावून, सुट्टे पैसे मोजत. तोंडावर हनुवटीपासून कपाळापर्यंत गच्च मुखवटा, उघडे फक्त डोळे. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता.

आणि लिफ्टबाई सगळ्यांना सांगत फिरायची, "ती मीच. पोरगा माझ्यावरूनच काढतो."

त्या दिवशी वस्तऱ्याने अंकाचं मागचं पान तिच्या नाकासमोर धरलं. पानावर ठसठशीत छापलं होतं: पुढचा अंक शेवटचा. तुफान आईचा मुखवटा उतरणार.

"आता सापडलात बाई," वस्तरा म्हणाला. "पुढच्या महिन्यात मुखवटा उतरणार आणि तुमच्या गप्पाही. आतून निघेल कुणीतरी गोरीगोमटी हिरॉइन."

"आतून मी निघेन," लिफ्टबाई म्हणाली.

"लावा पैज."

"लावली!"

"काय लावतोस?" तिनेच विचारलं.

वस्तऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचं कापड त्याच्या खांद्यावर होतं, त्याने ते पाठीवर टाकून ऐटीत झटकलं. त्यावरचे चार जणांचे केस सगळीकडे उडाले. "चेहरा तुमचा निघाला, तर हे असं पाठीवर बांधून, तोंडाला फडकं लावून, मी भर चौकात एक फेरी मारीन. 'तुफान आई आली रे' असं ओरडत."

"आणि नाही निघाला तर मी?"

"तर तुम्ही."

"अगं, थांब," टाचणी शिलाईमशीन सोडून दारात आली. "आधी पोराला विचार तरी, मग लाव पैजा."

"विचारायचं काय त्यात? दर रविवारी तर बोलतो आम्ही." लिफ्टबाईने हात पुढे केला. वस्तऱ्याच्या हाताला साबणाचा फेस होता, तो तिच्या हाताला लागला. खुर्चीतला अर्ध्या डोक्याचा म्हणाला, "झालं असेल तर माझं पण बघा."

आता ही दर रविवारची भानगड काय होती, ते सांगायला हवं. दर रविवारी सकाळी लिफ्टबाई गॅलरीत यायची, बटणांचा जुना फोन कानाला लावायची आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. "जेवलास का? काय जेवलास? अरे, एवढ्यावर भागतं का? ... हो, हो, टाचणी इथेच आहे, सांगते तिला." समोर कपडे वाळत घालणारी टाचणी हात हलवायची. आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीही नसायचं. एकदा बोलणं ऐन रंगात आलेलं असताना फोन कानावरच खणखणला, कुठली तरी नवी स्कीम विकायला. लिफ्टबाई जराही डगमगली नाही. "कट झाला होता गं, परत लावतोय बघ!" असं टाचणीला सांगून तिने त्या स्कीमवाल्यालाच विचारलं, "बोल बाळा, सर्दी गेली का?" स्कीमवाला म्हणे, गेली.

खरे फोन यायचे. नाही असं नाही. अधूनमधून. "आई, कशी आहेस?" "मस्त. तू?" "मस्त." मग "बरं, ठेवू?" भांडण वगैरे काही नव्हतं. भांडण झालं असतं तर एक वेळ बरं, मिटवायला काहीतरी हाताला लागलं असतं. तो शिकायला गेला, मग काम लागलं, मग तिथेच राहिला. दर वेळी येतो येतो म्हणायचा आणि दर वेळी ती ये ये म्हणायची. या इमारतीत तर ती तो गेल्यावर राहायला आली, त्यामुळे इथे कुणी त्याला पाहिलेलंच नव्हतं. पण दर सहा महिन्यांनी तो यायचा, असं इमारतीला माहीत होतं. तुम्ही सगळे बाहेर गेलात आणि नेमका तेव्हाच आला हो, असं.

त्यामुळे पोराची खरी खबर तिला एकाच ठिकाणी मिळायची, कॉमिकात. अंक पोरगा पाठवतो असं ती सांगायची, पण घ्यायची हॉस्पिटलबाहेरच्या पेपरवाल्याकडून. चौकातल्या स्टॉलवर घेतला असता तर कुणीतरी पाहिलं असतं. गोष्ट ती नंतर वाचायची. आधी चित्रांचे कोपरे बघायची. खलनायकाच्या अड्ड्यात एकदा त्यांचं जुनं हिरवं स्टूल निघालं, तेच, एक पाय आखूड असलेलं. तेव्हा ती आठवडाभर खुशीत होती. एका अंकात तुफान आई पानंच्या पानं डोळे बारीक करून बसचे नंबर वाचत होती, तेव्हा लिफ्टबाईने ओळखलं, पोराला चष्मा लागला. फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

आता तेही बंद होणार होतं. आणि बंद होण्याआधी मुखवटा उतरणार होता.

पैज वस्तऱ्याशी होती, पण महिनाभर झोप उडाली ती वस्तऱ्यामुळे नाही. मी, मी म्हणत आपण गावभर सांगितलं खरं, पण त्याने कधी तसं म्हटलं होतं का? स्टूल आपलं, खटका आपल्या लिफ्टचा, मान्य. पण मुखवट्याच्या आत कोण? काढताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण येतं? आपण येतो का? की कुणीच नाही, नुसती एक बाई, कागदावरची?

अंक निघाला त्या सकाळी पेपरवाल्याने तो तिच्यासाठी बाजूला ठेवला होता. "शेवटचा ना हा?" त्याने विचारलं. "आता पुढच्या महिन्यापासून काय घेणार?" तिने सुट्टे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि अंक उचलला.

सकाळची गर्दी ओसरेपर्यंत अंक तिच्या स्टुलाखाली होता. मग रिकामी लिफ्ट घेऊन ती वर निघाली आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये तिने खटका मागे ओढला. लिफ्ट थांबली. जाळीच्या दारातून समोर नुसती भिंत. पिवळट, ओलीचे डाग पडलेली, आणि तिच्यावर कुणा मिस्त्रीने कधीतरी पेन्सिलने मारलेली एक आडवी रेघ. वरून जरा उजेड येत होता, खालून औषधांचा वास.

गोष्ट साधीच होती. शहर वाचलं, पहिल्या काही पानांतच. मग तुफान आई बसने घरी आली. घरी पोरगं अंथरुणात जागं. त्याने विचारलं, "आई, घरी आल्यावर पण तू मुखवटा का नाही काढत?" ती म्हणाली, "राहून जातं रे." आणि तिने मुखवटा काढला.

शेवटचं अख्खं पान म्हणजे तिचा चेहरा. एक शब्द नाही.

लिफ्टबाईने तोंडावर हात ठेवला.

ती होती. ती स्वतः. भरगच्च वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली, दिवसभर लिफ्टच्या दारात अडकू नये म्हणून. समोरच्या दोन दातांत फट. भुवईवर कापल्याची खूण, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जाळी लागली होती ती. बारीक गाल. खूप दमलेली आणि तरी आत्ता काहीतरी खोडी काढेल अशी नजर. शाळा सुटली की पोरगं लिफ्टमध्ये येऊन हिरव्या स्टुलावर बसायचं, आणि दर मजल्याला ती मागे वळून त्याच्याकडे बघायची. तेव्हा बघायची तशी.

वरून घंटी वाजत होती. कधीपासून, कोण जाणे. वॉर्डबॉय जाळीतून ओरडला, "बाईऽऽ! अडकलात काय?"

"हो रे," ती म्हणाली. "जरा अडकले. येते."

दिवसभर मग तिने लिफ्टमध्ये नुसता धुमाकूळ घातला. हाडांच्या डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, आज भाडं नाही, आज मी जिंकलेय." वस्तऱ्याला चौकात कसं नाचवायचं, फडकं कोणतं बांधायचं, सगळं ठरवून झालं. पर्समध्ये हॉस्पिटलचं तिचं पहिलं ओळखपत्र होतं, नोकरीला लागली तेव्हाचं, कोपऱ्यात फोटो. तीच वेणी, तीच फट. वस्तऱ्याने हुज्जत घातली तर हे त्याच्या तोंडावर मारायचं.

दुपारच्या सुट्टीत चादरींच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तिने पोराला फोन लावला. या खेपेस दुसऱ्या टोकाला खरंच कुणी असावं म्हणून.

उचलला त्याने. "आई? काय झालं?"

"काय व्हायचंय? अंक बघितला."

"मिळाला पण? मी पाठवणारच होतो."

"मिळाला. छान आहे." मग तिने विचारलं, "चेहरा कुणाचा रे?"

"म्हणजे काय? तुझाच."

तिला वाटलं, आता ओरडावं. चादरी मोजणाऱ्या बाईच्या गळ्यात पडावं.

"न बघता काढला," तो सांगत होता. मागे कुठेतरी लोक बोलत होते, खुर्च्या सरकत होत्या. "फोटो वगैरे काही नाही घेतला समोर. संपादक म्हणाला, कुणाला बसवलंस मॉडेल म्हणून? म्हटलं, मॉडेल कशाला लागतं, आई अशीच दिसते. तशीच दिसतेस ना तू?"

लिफ्टबाईची जीभ दातांवरून फिरली. वरचा अख्खा दातांचा सेट होता, एकसारखा, पांढरा, कुठेही फट नसलेला. वेणी मधल्या एका मोठ्या आजारपणात गेली, ती परत आलीच नाही, आता कानापर्यंतचे पांढरे केस. बारीक गालांच्या जागी दोन फुगे. भुवईची खूण चष्म्याच्या फ्रेमखाली गेलेली. तो शेवटचा आला होता तेव्हा तिचे खरे दात होते.

"आई? ऐकू येतंय का?"

"येतंय की," ती म्हणाली. "हो तर. अगदी तशीच दिसते मी."

"बघ! म्हटलं ना. बरं, मला आत बोलावतायत. येतो गं एकदा."

"ये, ये."

चादरींच्या खोलीतली बाई गठ्ठे रचत राहिली. लिफ्टबाई फोन हातात धरून बसली, मग लिफ्टची वेळ झाली म्हणून उठली. संध्याकाळपर्यंत तिने कुणाची चेष्टा केली नाही. शेवटच्या फेरीला हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, भाडं?" तर ती नुसती हसली.

वस्तऱ्याच्या दुकानात सगळे जमलेच होते. अंक आरशाला टेकवून ठेवला होता, शेवटचं पान उघडून. वस्तऱ्याने तिला थेट खुर्चीत बसवलं. "बसा, बसा. आज फुकट." मग मागे उभं राहून त्याने तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं, जसं गिऱ्हाइकाचं करायचा तसं. आरशात तिचा चेहरा, आरशाखाली तो चेहरा.

"मी रोज डोकी बघतो," वस्तरा म्हणाला. "चेहरा खोटं बोलेल, डोकं बोलत नाही. हे बघा. ही वेणी. हे दात. हे गाल. आणि आमच्या बाई." त्याने हात झाडले. "मंडळी, एक तरी गोष्ट जुळते का?"

मंडळी हसली. टाचणी चष्मा लावून पुढे झाली. अंक उचलून तिने लिफ्टबाईच्या गालाला लावला, एकदा इकडून, एकदा तिकडून, ब्लाउजचं माप घ्यावं तसं. "डोळे बघा ना जरा," ती पुटपुटली. "डोळे जवळजवळ... अगं, ही तरुणपणची तूच तर नाहीस?"

लिफ्टबाईचा हात पर्समध्ये गेला. ओळखपत्राचा कोपरा बोटाला लागला.

"तरुणपणीची कशाला काढेल?" वस्तरा म्हणाला. "काहीतरीच तुमचं. पोरगा दर सहा महिन्यांनी येतो ना यांचा? येऊन समोर बसून जेवतो, हे तोंड बघतो. मग आत्ताचं आहे तेच काढेल की. जो आईचं तोंड वर्षानुवर्षं बघत नाही, तो काढेल असं जुनं. काय बाई, खरं की नाही?"

तो काही वाईट म्हणून बोलला नव्हता. त्याला पैज जिंकायची होती, बस. पण दुकानातले सगळे आता आरशात तिच्याकडे बघत होते, आणि टाचणी तर फारच निरखून बघत होती.

एक कार्ड बाहेर काढलं की झालं. फोटो दाखवला की वस्तरा हरला, चौकात नाचला, अख्ख्या इमारतीला कळलं की तुफान आई म्हणजे खरंच ही. आणि त्याच्या पाठोपाठ, जिना चढता चढता, दारादारात हेही कळलं की पोरगा येत नाही. की तो इथे कधी आलाच नाही. की रविवारी गॅलरीत ती कुणाशी बोलते.

बोटाने तिने कार्ड आत ढकललं. आणखी आत, रुमालाखाली. पर्सची चेन लावली.

"खरं आहे," ती आरशातल्या वस्तऱ्याला म्हणाली. "ही मी नाही. कुणीतरी भलतीच आहे. कार्ट्याने फसवलं मला."

"हरलात?"

"हरले रे बाबा. आण तुझं ते कापड. आणि झटकून आण, मेल्या, अख्ख्या गल्लीचे केस माझ्या पाठीवर नकोत."

हशा झाला. टाचणी मात्र हसली नाही. तिने कापडाची दोन टोकं लिफ्टबाईच्या गळ्याशी बांधली, आणि सुटू नये म्हणून खांद्यावर दोन टाके घातले, तिथेच, उभ्या उभ्या. दोरा दाताने तोडताना तिचं तोंड लिफ्टबाईच्या कानाशी आलं. "रविवारी गॅलरीत बोलून झालं की खाली येत जा," ती हळूच म्हणाली. "मी दुकान उघडं ठेवते." लिफ्टबाईने ऐकलंच नाही असं दाखवलं. टाचणीने काळ्या अस्तराचा एक तुकडा घेतला, डोळ्यांसाठी कात्रीने दोन भोकं पाडली आणि तो तिच्या तोंडावर बांधला.

ऑफिसं सुटायची वेळ होती. चौकात चारी बाजूंनी गाड्या, फुटपाथवर माणसं, स्टॉलवाल्यांचे दिवे नुकतेच लागलेले. इमारतीतली निम्मी माणसं मागोमाग आली. लिफ्टबाई दोन्ही हात पसरून रस्त्यात उतरली आणि अशी काही आरोळी ठोकली, की समोरच्या रिकाम्या टेम्पोतला ड्रायव्हर दचकून उठला.

"तुफान आई आली रेऽऽ! पळाऽऽ!"

लोक थांबले. कुणी शिट्टी मारली, कुणी फोन काढले. वस्तरा फुटपाथवर पोट धरून हसत होता, "वाकडं नको बाई, सरळ, सरळ!" कापड मागे फडफडत होतं. गुडघे दुखत होते, पण ती खरंच पळत होती, गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत, काचेतून आत वाकून बघत, "घाबरू नका, मी आलेय!" फडक्याच्या आत गरम होत होतं आणि सगळं ओलं झालं होतं, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं.

चौकाच्या मधोमध वाहतूक पोलिसाने तिला अडवलं. त्याने शिट्टी फुंकून चारी बाजूंच्या गाड्या थांबवल्या होत्या, कारण त्यावाचून दुसरा उपायच नव्हता.

"काय चाललंय हे? कोण आहात तुम्ही? तोंडावरचं काढा आधी."

फुटपाथवरून वस्तरा ओरडला, "साहेब, पैज आहे, पैज! झाली फेरी, सोडा त्यांना!"

लिफ्टबाईने डोक्यामागची गाठ सोडली. फडकं खाली घेतलं. केस विस्कटलेले, चष्मा वाकडा, गाल लालबुंद आणि ओले. सगळ्या गाड्यांचे दिवे तिच्यावर. तिने चष्मा सरळ केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढूनच टाकला, आणि पोलिसाच्या समोर चेहरा धरला, दात दाखवून, अगदी जवळ.

"बघा," ती म्हणाली.

"बघितलं. चला आता बाजूला."

"नीट बघितलंत?"

मागे हॉर्न वाजायला लागले. पोलिसाने एकदा गाड्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग शिट्टी तोंडातून काढून त्याने खरंच नीट पाहिलं.

"हो बाई," तो म्हणाला. "बघितलं नीट."

"मग सोडा गाड्या," लिफ्टबाई म्हणाली, आणि कापड सावरत फुटपाथकडे निघाली.